ऑफिसच्या टेबलावरचा फोन: तार जोडण्यापासून कॉल न तोडता पुढे देण्यापर्यंत

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या कार्यालयात एका पालकांचा फोन लागोपाठ तीनदा आला. तिन्ही वेळा त्यांनी मुलीच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेबद्दल विचारलं, तिन्ही वेळा आमच्याकडून "थांबा हं, जोडून देतो" असं उत्तर गेलं आणि तिन्ही वेळा फोन कट झाला. चौथ्यांदा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच एसटीने २२ किलोमीटर आले. त्या दिवसाची मजुरी बुडवून आले होते आणि काम निघालं दोन मिनिटांचं. आमचा फोन बिघडलेला नव्हता. कॉल दुसऱ्या टेबलावर द्यायला फ्लॅशचं बटण दाबायचं असतं, हे उचलणाऱ्या मुलाला कुणी दाखवलंच नव्हतं. तो हुक, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेवरचा खटका, दाबून धरत होता आणि लाइन तुटत होती.

त्यानंतर मी सातही टेबलांवरचे फोन नव्याने लावून घेतले आणि ते वापरायला सगळ्यांना शिकवलं. शाळा, दवाखाना, पतसंस्था, सीएचं ऑफिस अशा पाच-दहा टेबलांच्या जागेला उपयोगी पडेल अशा बेताने ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी ओळखा, तुमचा फोन कुठल्या जातीचा

फोनच्या मागची तार बघा. दोन बारीक तारांची चपटी केबल आणि छोटी पारदर्शक पिन असेल, तर तो साधा ॲनालॉग फोन. ती पिन म्हणजे आरजे-११. तार थेट बाहेरच्या लाइनला जोडलेली असेल तर ती डायरेक्ट लाइन. ती ऑफिसातल्याच एका पेटीकडे जात असेल आणि त्या पेटीतून सगळ्या टेबलांना तारा फुटत असतील, तर तुमच्याकडे ईपीएबीएक्स आहे आणि टेबलावरचा फोन हे त्याचं एक्स्टेंशन. आपल्याकडे बरेच लोक त्याला सरसकट इंटरकॉम म्हणतात. फोनमागे कॉम्प्युटरला लागते तशी रुंद, आठ तारांची आरजे-४५ पिन असेल, तर तो आयपी फोन. तो नेटवर्कवर चालतो आणि त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

ईपीएबीएक्सच्या दुकानात '१०८', '२०८', '३०८' असे आकडे ऐकू येतात. पहिला आकडा बाहेरच्या लाइनचा, शेवटचा आतल्या एक्स्टेंशनचा. २०८ म्हणजे दोन लाइन बाहेरच्या, आठ फोन आतले. सात टेबलांना २०८ पुरतं, पण आठवं एक्स्टेंशन मोकळं ठेवा. एखादं पोर्ट जळतं तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

या मशिनसाठी काही विशिष्ट कंपन्यांचे अनेक बटणांचे डिजिटल की-फोन येतात. रिसेप्शनला तसा एक घेतला, तर त्याचं पोर्ट वेगळं असतं हे लक्षात ठेवा. साधा फोन त्या पोर्टवर चालत नाही आणि तो फोन साध्या पोर्टवर चालत नाही.

तार ओढण्याआधी कागदावर नंबर लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग वर्षानुवर्षं "हेडक्लार्कचा नंबर काय गं?" असं विचारत बसतात. एका कागदावर टेबलं काढा आणि प्रत्येकाला नंबर द्या. आमच्याकडे प्रवेशद्वाराजवळची खिडकी २१, हेडक्लार्क २२, लेखा विभाग २३, मुख्याध्यापक २४, ग्रंथालय २५, प्रयोगशाळा २६ आणि गेटवरचे मामा २७ असं ठरलं. इमारतीत माणूस ज्या क्रमाने चालत जातो त्याच क्रमाने नंबर दिले, म्हणून ते पाठ करावे लागले नाहीत.

एक्स्टेंशनचा पहिला आकडा १ ठेवू नका. ११२ हा आपत्कालीन नंबर १ ने सुरू होतो. शून्यानेही नको, कारण बहुतेक ठिकाणी बाहेरची लाइन शून्य दाबून मिळते. काही मशिनवर त्यासाठी ९ असतो. तसं असेल तर तोही सोडा.

जागा आणि तारजोडणी

उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा फोन डाव्या बाजूला असावा. रिसीव्हर डाव्या हातात आणि पेन उजव्या हातात राहतं. डावखुऱ्या माणसाचा फोन उलट बाजूला. रिसीव्हर मान वाकवून खांद्यात धरायची सवय जिथे दिसते तिथे बहुतेकदा फोन चुकीच्या बाजूला असतो. ज्याचं दिवसभराचं काम बोलण्याचंच आहे, त्याला हेडसेट घेऊन द्या.

भिंतीवरच्या छोट्या चौकोनी डबीला आपल्याकडचे लाइनमन रोझेट म्हणतात. फोनची तार तिथपर्यंत येते. रोझेट टेबलाच्या पायाजवळ जमिनीवर पडलेली नको, कारण फरशी पुसताना पाणी जातं आणि आठवडाभराने खरखर सुरू होते. ती जमिनीपासून निदान वीतभर वर भिंतीला स्क्रूने बसवा. फोनची तार विजेच्या वायरच्या पट्टीतून नेऊ नका, तिला वेगळी पट्टी द्या. नाहीतर लाइनवर घूं घूं असा आवाज येत राहतो.

आता जोडणी. फोनला दोन तारा असतात आणि त्या दिसायला सारख्या वाटतात. रिसीव्हरची गुंडाळलेली तार चार तारांची असते आणि तिची पिन किंचित अरुंद असते. ती रिसीव्हर आणि फोनच्या बाजूला असलेल्या खाचेत जाते. सरळ तार फोनच्या मागे किंवा खाली 'लाइन' लिहिलेल्या खाचेत जाते. पिन घालताना 'टक्' असा आवाज यायलाच हवा. पिनेवरची चिमुकली जीभ मोडली असेल तर ती तार फेकून द्या. ती लागल्यासारखी दिसते आणि फोन जरा सरकवला की सुटते. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी या मोडक्या जिभांच्या होत्या.

लाइनच्या सरळ केबलमधल्या दोन बारीक तारांपैकी कुठली डावी, कुठली उजवी हे आजच्या फोनला बहुधा चालून जातं. पण उघड्या तारा हातात धरू नका. फोन ठेवलेला असताना साध्या लाइनवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. घंटी येते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो आणि ओल्या हाताला तो चांगला झटका देतो.

ईपीएबीएक्सच्या पेटीत बाहेरच्या लाइनची पोर्टं वेगळी आणि एक्स्टेंशनची वेगळी असतात. बाहेरून आलेली लाइन चुकून एक्स्टेंशनच्या पोर्टवर लावली तर दोन्ही बाजूंनी दाब समोरासमोर येतो आणि पोर्ट जळू शकतं. म्हणून जोडायच्या आधी प्रत्येक तारेच्या टोकाला कागदी चिकटपट्टीवर नंबर लिहा. क्रोनच्या पट्टीत, म्हणजे तारा खाचांमध्ये दाबून जोडायच्या पट्टीत, तार बसवायला त्याचंच पंचिंग टूल वापरू द्या. लाइनमन स्क्रूड्रायव्हरने तार कोंबायला लागला तर त्याला थांबवा, कारण खाच सैल होते आणि पुढे ती जोडणी येते-जाते करते.

अर्थिंगबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. एका वर्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आमच्या मशिनचं एक्स्टेंशन कार्ड गेलं. पेटीला अर्थिंगचा स्क्रू होता, पण त्याला तारच जोडलेली नव्हती. बसवून गेलेल्या माणसाला ते ऐच्छिक वाटलं होतं आणि मीही विचारलं नव्हतं. इमारतीतून इमारतीत उघड्यावरून तार जात असेल, जशी आमची गेटपर्यंत जाते, तर अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं उपकरण) दोन्ही हवेत. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते तपासून घ्या.

फायबर आला, तेव्हा एक गोष्ट बदलली

जुन्या तांब्याच्या लाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून यायची. गावात दिवे गेले तरी फोन चालायचा, आणि ती सवय अजून आपल्या डोक्यात आहे. आता लँडलाइन फायबरवर आली. भिंतीवरच्या फायबरच्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, मागे 'टेल' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेलं छोटं पोर्ट असतं, तिथून फोन निघतो. ती पेटी तुमच्या ऑफिसच्या विजेवर चालते. वीज गेली की फोन गेला.

म्हणजे ओएनटी आणि ईपीएबीएक्स दोन्ही यूपीएसवर हवेत. कॉम्प्युटरचा यूपीएस असेल तर त्यावर दोन जागा राखून ठेवा. नसेल तर ओएनटीला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस चालतो, फक्त अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळतं तेच घ्या. काही ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर बाहेरची लाइन आपोआप एका ठराविक एक्स्टेंशनला थेट जोडली जाते. ते एक्स्टेंशन कुठलं ते विचारून ठेवा आणि तिथे विजेशिवाय चालणारा साधा फोनच लावा. पण ओएनटी बंद असेल तर ही सोयही कामाची नाही.

फायबरच्या लाइनवर आणखी एक अडचण येते. पलीकडच्याने फोन ठेवला तरी ईपीएबीएक्सला ते कळत नाही, लाइन अडकून बसते आणि पुढच्या माणसाला व्यस्त असल्याचा टोन मिळतो. असं वरचेवर होत असेल तर बसवणाऱ्याला 'डिस्कनेक्ट टोन ओळखण्याचं सेटिंग करा' असं नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं "लाइन बिझी येते" म्हटलं की तो फोन बदलून जातो आणि अडचण तशीच राहते.

फोनवरची चार सेटिंग्ज

फोन उलटा करा. टी आणि पी असं लिहिलेली सरकपट्टी असेल तर ती टीवर ठेवा. टी म्हणजे टोन. प्रत्येक आकडा दाबताना दोन सूर एकत्र वाजतात आणि त्यावरून आकडा ओळखला जातो. पाच दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर जातात. पी म्हणजे पल्स, जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक मोजणं. फोन पीवर असेल तर 'मराठीसाठी एक दाबा' या सूचनेला तुम्ही कितीही एक दाबलात तरी पलीकडे काही पोचत नाही.

घंटीचा आवाज आणि रिसीव्हरमधला आवाज वेगवेगळे लावायचे असतात. घंटी इतकीच मोठी असू द्या की शेजारच्या टेबलाला ती त्याची वाटू नये. शक्य असेल तर शेजारी-शेजारी असलेल्या दोन फोनना वेगळी घंटी द्या.

नंबर दाखवणारा फोन असेल तर काही मॉडेलमध्ये पेन्सिल सेल घालावे लागतात. ते वर्षातून एकदा बदला. गळलेला सेल फोनच्या पट्ट्या खाऊन टाकतो. एक्स्टेंशनवर नंबर दिसायचा असेल तर लाइनवर कॉलर आयडी चालू हवा आणि ईपीएबीएक्सनेही तो पुढे दिला पाहिजे. नंबर दिसत नसेल तर एकदा दुसरी घंटी होऊ द्या आणि बघा. अनेकदा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो आणि घाईने उचलणाऱ्याला तो दिसत नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग फ्लॅशच्या वेळेचं. फ्लॅश दाबलं की फोन लाइन क्षणभर तोडून परत जोडतो. ईपीएबीएक्स ते तुटणं ओळखतं आणि समजतं की कॉल दुसरीकडे द्यायचा आहे. तो क्षण किती लांबीचा, हे फोनवर निवडता येतं. साधारणपणे १००, ३०० किंवा ६०० मिलीसेकंद असे पर्याय असतात. मशिनला हवा त्यापेक्षा क्षण छोटा पडला तर काहीच घडत नाही. मोठा झाला तर मशिनला वाटतं फोन ठेवला, आणि कॉल तुटतो. मशिनच्या पुस्तिकेत फ्लॅश टाइम बघा आणि सगळ्या फोनवर तोच लावा. पुस्तिका हरवली असेल तर एक-एक पर्याय लावून आतल्या आत कॉल करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. मी हे केलं तेव्हा सातांपैकी दोन फोन १०० वर निघाले. त्या दोन टेबलांवरची माणसं फ्लॅशला कंटाळून हुक दाबायला शिकली होती.

किती शून्यं दाबायची?

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना नंबरच्या आधी शून्य लावावं लागतं. ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच असेल, तर मोबाइलला दोन शून्यं होतात. पहिलं शून्य दाबायचं, बाहेरचा डायल टोन ऐकायचा, मग दुसरं शून्य आणि पुढे मोबाइलचे १० आकडे. परगावच्या लँडलाइनलाही तसंच. कोल्हापूरला लावायचा तर बाहेरच्या लाइनचं शून्य, मग ०२३१, मग नंबर. नवीन माणूस एकच शून्य दाबतो आणि 'नंबर तपासून पहा' असं ऐकून फोन बंद आहे असं सांगतो.

आपत्कालीन नंबराबाबत मात्र अंदाजाने चालायचं नाही. ११२ लावायचा असेल तर तुमच्या मशिनवर आधी शून्य लागतं की नाही, हे फोन बसवणाऱ्याला विचारा आणि प्रत्येक फोनवर मोठ्या अक्षरात चिकटवा. १०१ अग्निशमन आणि १०८ रुग्णवाहिकेचंही तसंच. काही मशिनमध्ये हे नंबर शून्याशिवाय थेट जातील असं सेटिंग करता येतं. येत असेल तर करूनच घ्या. मूल चक्कर येऊन पडलेलं असताना कुणी शून्य आठवत बसू नये.

बाहेरच्या लोकांना नंबर देतानाही विचार करा. लेटरहेडवर एसटीडी कोडसह पूर्ण नंबर छापा आणि शक्य असेल तर एक्स्टेंशनही. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२, साताऱ्याचा ०२१६२. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून १० आकडे व्हायला हवेत. छापायला देण्याआधी बोटाने मोजा.

कॉल पुढे कसा द्यायचा

इथे मी सावकाश जाते, कारण माणूस इथेच हरवतो.

समोरचा बोलतो आहे. त्याला काय हवं ते पूर्ण ऐका. मग त्याला कुणाकडे देत आहात ते सांगा: "काका, दाखल्याचं काम हेडक्लार्क मॅडम बघतात, त्यांना जोडते. फोन कट झाला तर याच नंबरवर परत लावा आणि २२ मागा." हे शेवटचं वाक्य न विसरता म्हणा. आता फ्लॅश एकदाच दाबून सोडा. तुम्हाला आतला डायल टोन येईल, तिकडे त्याला संगीत ऐकू जाईल. २२ दाबा आणि रिसीव्हर ठेवू नका, थांबा. पलीकडे मॅडमनी उचलला की सांगा: "मॅडम, दहावीतल्या मुलीचे वडील आहेत, जन्मतारखेच्या दुरुस्तीबद्दल विचारताहेत." मॅडम "हो, द्या" म्हणाल्या की मग रिसीव्हर ठेवा. दोघं जोडले जातील. त्या काकांना आपली हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

मॅडम जागेवर नसतील तर बऱ्याच मशिनवर पुन्हा फ्लॅश दाबलं की तुम्ही मूळ माणसाकडे परत येता. तुमच्या मशिनवर यासाठी वेगळं बटण असेल तर ते फोनवर लिहून ठेवा. परत आल्यावर निरोप घ्या.

न विचारता नंबर दाबून लगेच रिसीव्हर ठेवला तरी कॉल पुढे जातो. पलीकडे कुणी नसेल तर घंटी वाजत राहते. काही मशिन ठराविक वेळाने तो कॉल तुमच्याकडे परत पाठवतं, काही तोडून टाकतं. तुमचं काय करतं ते आजच करून बघा. माझं मत विचाराल तर बाहेरून आलेला कॉल असा आंधळेपणाने देऊच नये. सहकाऱ्यांच्या आपापसातल्या कॉलला ठीक आहे.

रिसीव्हरवर तळहात ठेवून शेजारच्याशी बोलायची सवय फार खोल गेलेली असते. हातातून सगळं ऐकू जातं. "तो कालचाच माणूस आहे, काय सांगू?" हे त्या माणसाने ऐकलेलं असतं. बोलायचं असेल तर म्यूट दाबा किंवा होल्डवर ठेवा. होल्डवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर मध्ये एकदा येऊन "शोधतेय हं, लाइनवर राहा" असं सांगा. खेड्यातून येणाऱ्या फोनवर बरेचदा रेंज जात-येत असते. शांतता झाली की माणसाला वाटतं फोन तुटला, आणि तो ठेवून देतो.

निरोप लिहिताना मराठीतला एक खास धोका असतो. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी खरखरीच्या लाइनवर एकसारखे ऐकू येतात. सदुसष्ट आणि अडुसष्टचंही तेच. म्हणून नंबर जोडीने घेऊ नका. "एक-एक आकडा सांगा" असं म्हणा आणि लिहून झाल्यावर एक-एक आकडाच परत वाचून दाखवा.

दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून घेण्याला पिक-अप म्हणतात. ठराविक कोड दाबला की तो कॉल आपल्याकडे येतो. लेखा विभागाच्या खोलीत तीन फोन असतील तर ते एका पिक-अप गटात टाकायला सांगा. तिघांनाही उठून पळावं लागत नाही.

डायव्हर्ट किंवा फॉरवर्ड ही सोय चांगली आहे, पण लावणाऱ्याने लावल्याचं लिहून ठेवलं पाहिजे. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर फोन वळवले होते. सुट्टी संपली, ते बदलीवर गेले आणि दोन दिवस सगळ्या पालकांचे फोन त्यांच्याच मोबाइलवर जात राहिले. आता फॉरवर्ड लावला की हजेरीपुस्तकाजवळच्या फळ्यावर तारखेसह लिहायचं, हा नियम आहे. संध्याकाळी साडेपाचनंतर मशिन रात्रीच्या मोडवर जातं आणि घंटी गेटवरच्या मामांकडे, २७ वर वाजते. बाहेरून आलेली घंटी रिकाम्या खोलीत वाजत राहण्यापेक्षा ते बरं.

आयपी फोन असेल तर

आयपी फोनला दोन रुंद खाचा असतात. एकावर 'लॅन', 'इंटरनेट' किंवा 'स्विच' असं लिहिलेलं असतं, दुसरीवर 'पीसी'. भिंतीतून आलेली केबल पहिल्या खाचेत, कॉम्प्युटरला जाणारी दुसऱ्या खाचेत. दोन्ही खाचा चुकून भिंतीतल्या पोर्टना जोडल्या तर नेटवर्कमध्ये वेटोळं तयार होतं आणि सगळ्या ऑफिसचं इंटरनेट बसू शकतं. टेबल हलवताना हे फार वेळा घडतं.

नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात तो स्विच पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देणारा, असेल तर त्याच केबलमधून वीज येते आणि अडॅप्टर लागत नाही. पीओईच्या नेहमीच्या ८०२.३एएफ प्रकारात स्विचच्या पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, साध्या डेस्कफोनला ते भरपूर होतात. केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

फोन सुरू झाला की त्याचा आयपी पत्ता मेन्यूतल्या स्टेटसमध्ये दिसतो. तो पत्ता त्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं. सगळ्यात आधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. मग अकाउंटच्या पानावर एसआयपी सर्व्हर (इंटरनेटवरचे कॉल जोडणारा सर्व्हर), युजर आयडी, ऑथेंटिकेशन आयडी आणि पासवर्ड भरा. हे चारही सेवा देणाऱ्याकडून किंवा तुमच्या आयपी पीबीएक्समधून, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या ईपीएबीएक्समधून, मिळतात. युजर आयडी आणि ऑथेंटिकेशन आयडी काही ठिकाणी सारखे असतात, काही ठिकाणी नसतात. फोन 'रजिस्टर' होत नसेल तर पहिली शंका तिथे घ्या. टाइम झोन +५:३० लावा, नाहीतर मिस्ड कॉलची वेळ चुकीची दिसते आणि कुणाला कधी परत फोन करायचा याचा घोळ होतो.

आवाज तुटत असेल तर लोक आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. जी.७११ या कोडेकवर (आवाजाचं डिजिटल रूपांतर करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. प्लॅन क्वचितच कमी पडतो. अडचण असते ती पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, वेळेवर न पोचण्याची. कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की बोलणं अडखळतं. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देणारं क्यूओएस चालू करा आणि शक्य असेल तर फोनना वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, द्या. एका बाजूचाच आवाज ऐकू येत असेल तर राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटमध्ये ढवळाढवळ करणारं सेटिंग) बंद करून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तेवढ्याने सुटतं.

बिघाड शोधायची पद्धत

फोन बंद पडला की आधी शेजारच्या टेबलावरचा चालू फोन आणून त्या रोझेटला लावा. चालला तर दोष मूळ फोनमध्ये. नाही चालला तर मूळ फोन चालू रोझेटला लावून बघा. अशा दोन अदलाबदलींत दोष फोनमध्ये, तारेत की मशिनमध्ये ते कळतं. बाहेरची लाइन मेली असेल तर ईपीएबीएक्स बाजूला ठेवा आणि एक साधा फोन थेट ओएनटीच्या पोर्टला लावा. तिथे डायल टोन आला तर दोष तुमच्या मशिनकडे, नाही आला तर कंपनीला तक्रार द्या. मात्र तक्रार देण्याआधी ओएनटीवर लाल दिवा आहे का ते बघून तेही सांगा.

आपला आवाज पलीकडे जात नसेल तर म्यूट सुरू आहे का बघा, मग रिसीव्हरची गुंडाळलेली तार बदलून बघा. ही तार सतत पिळली जाऊन आतून तुटते. रिसीव्हर हातातून सोडून लोंबकळता ठेवला की तो स्वतःच गरगर फिरून पीळ काढतो. महिन्यातून एकदा करा.

पुसायला फवारा वापरू नका. कापड जरासं ओलं करून पुसा.

कुलूप आणि सावधगिरी

गरज नसेल तर आयएसडी बंद करून घ्या. एसटीडीही सगळ्या फोनवर नको. वर्गाच्या दारातला किंवा पाहुण्यांच्या खोलीतला फोन फक्त आतल्या कॉलपुरता ठेवता येतो. ईपीएबीएक्सचा प्रोग्रॅमिंग पासवर्ड बदलून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद लिफाफ्यात ठेवा. बाहेरून फोन करून मशिनमार्फत पुन्हा बाहेर लावण्याची सोय काही मशिनमध्ये असते. ती चालू आणि पासवर्ड जुनाच असला तर रात्रीतून परदेशी कॉलचं मोठं बिल येऊ शकतं.

"टेलिकॉम खात्याकडून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, ९ दाबा" असा फोन आला तर ठेवून द्या. असे फोन फसवणुकीचे असतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवा. ऑफिसातल्या कुणाचाही मोबाइल नंबर फोनवर अनोळखी माणसाला द्यायचा नाही. त्याचा नंबर लिहून घ्यायचा आणि सहकाऱ्याला द्यायचा.

फोनजवळचं कार्ड

आमच्या प्रत्येक फोनच्या पायथ्याशी पोस्टकार्डाच्या आकाराचं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. त्यावर एवढंच:

हा फोन: २१
बाहेरची लाइन: ० (टोन ऐका)
मोबाइल: ० + ० + १० आकडे
पुढे देणे: फ्लॅश, नंबर, बोला, मग ठेवा
परत घेणे: फ्लॅश
दुसऱ्याचा फोन उचलणे: कोड
आणीबाणी: ११२ (आमच्या मशिनवर ० न लावता)

खाली सातही टेबलांचे नंबर. तुमचे कोड तुमच्या मशिनच्या पुस्तिकेतून घ्या.

कार्ड लावलं की त्याच दिवशी संध्याकाळी, फोन शांत असताना, सगळ्यांना बोलवा. एकाने आपल्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावायचा. खिडकीवरच्याने उचलून तो हेडक्लार्ककडे द्यायचा, त्यांनी लेख्याकडे, त्यांनी मुख्याध्यापकांकडे, असं करत शेवटी गेटवर. कुठे तुटला तर तिथूनच पुन्हा. आमच्याकडे पहिल्या फेरीत चार ठिकाणी तुटला आणि तिसऱ्या फेरीत गेटपर्यंत पोचला. मामांनी २७ वर उचलून "नमस्कार, शाळेचं गेट, बोला" म्हटलं, तेव्हा वर कार्यालयात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात ही फेरी पुन्हा घ्या.